सात नंबरच्या खोलीतली हाक

आधीच सांगते, मला गोष्टी रचता येत नाहीत. मी ड्रायव्हिंग शिकवते. रोज शेजारच्या सीटवर बसून नवशिक्यांच्या हातात स्वतःचा जीव देते. त्यामुळे मला घाबरवणं तसं सोपं नाही.

पण त्या दुपारी माझी बोबडी वळली.

हो, दुपारच होती. हिवाळा संपत आला होता आणि बाहेर लख्ख ऊन होतं. अंधार नाही, वारा नाही, काही नाही. म्हणूनच ते डोक्यातून जात नाही.

हे घडलं माझ्या वहिनीबाबत. मी तिच्यासोबत होते. जे स्वतः पाहिलं आणि ऐकलं, तेवढंच लिहितेय.

वहिनी प्रोग्रामर आहे. दादा कामासाठी परगावी असतो, महिन्यातून एकदा येतो. वहिनी घरीच जेवायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करते. माझं घर जवळच. दोन शिकवण्यांच्या मधे वेळ मिळाला की मी तिच्याकडे जेवायला जाते.

तेव्हा तिने नुकतीच नवी नोकरी धरली होती. तिची कंपनी वृद्धांच्या एका नर्सिंग होमचं काम बघायची. तिथे प्रत्येक खोलीत भिंतीवर एक छोटं मशीन. पलंगावर कुणी आहे का, दार उघडं आहे का, बेल दाबली का, एवढं ते कळवायचं. ते सगळं सिस्टरांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसायचं.

"पण तू नक्की करतेस काय?" मी एकदा विचारलं होतं.

"नावं सरळ करते."

"कुणाची?"

"फील्डची." तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हे बघ. प्रोग्रामच्या आत प्रत्येक खोलीचं एक ऑब्जेक्ट असतं, डब्यासारखं. त्यात बेल, पलंग, दार अशी फील्डं, म्हणजे कप्पे. आत ही नावं जोडून लिहितात आणि दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं काढतात. असं."

bellPressed

"आणि हेच बाहेर स्क्रीनकडे पाठवताना सगळी अक्षरं लहान करायची आणि मधे अंडरस्कोअर, म्हणजे खालची आडवी रेघ टाकायची."

bell_pressed

"एवढ्यासाठी पगार देतात तुला?"

"हसू नकोस, ढमे." लहानपणी मी गुबगुबीत होते. दादाने ठेवलेलं ते नाव वहिनीने आहेरासारखं जपलंय. "समज, लायसन्सच्या टेस्टला तुला 'ढमी' म्हणून पुकारलं, तर तू उठशील?"

"मेले तरी उठणार नाही."

"झालं तर. स्क्रीन एका ठरलेल्या नावाची वाट बघत असते. बेल वेगळ्या नावाने आली, तर तिच्या लेखी ती आलीच नाही."

"मग स्क्रीन ओरडत नाही? चूक झाली म्हणून?"

"नाही ना. तीच तर पंचाईत. ती हिरवीगार, शांत बसून राहते."

तेव्हा मी हसून विषय सोडून दिला.

त्यानंतरच्या मंगळवारी मी जेवायला गेले, तर वहिनी ताट पुढे घेऊन नुसती बसली होती. नजर लॅपटॉपवर.

"जेव की."

"थांब. हे कुणी लिहिलंय बघ."

स्क्रीनवर ओळी सरकत होत्या. सगळ्या खोल्यांची माहिती. खोलीचा नंबर, पलंग, दार, बेल. कंटाळवाणं सगळं. पण सात नंबरच्या खोलीखाली एकच ओळ होती...

koniAaheKa

कोणी आहे का.

त्याच्या पुढची जागा रिकामी.

"कुणीतरी चेष्टा केली असेल," मी म्हणाले.

"मलाही तेच वाटलं. सगळा कोड शोधला. हे नाव कुठेही नाही, ढमे. मग ते बाहेर येतंय कुठून?"

आम्ही बघत होतो तेवढ्यात ती ओळ गेली. तिच्या जागी दुसरी आली.

koni_aahe_ka

मग...

KONI_AAHE_KA

मग थोडा वेळ काहीच नाही. वहिनीने श्वास सोडला.

आणि मग...

koni-aahe-ka

काळोख्या जिन्यात उभं राहून कुणी जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघावी ना, तसं. ही नाही. ही पण नाही. ही लागते का?

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

वहिनीने साहेबांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"सर, सात नंबरच्या खोलीतून एक भलतंच फील्ड येतंय."

पलीकडे एक दार लावल्याचा आवाज आला.

"सर?"

"सात नंबरमधून काही येऊ शकत नाही," ते म्हणाले. "ती खोली बंद आहे. मशीन काढून ठेवलंय. तुम्ही तो भाग सोडून द्या."

"पण सर, त्यात लिहिलंय..."

"सोडून द्या म्हटलं ना."

फोन कट.

वहिनीला काही सोडून द्या म्हणणं म्हणजे तिला ते धरायला लावणं. दादाही हे शिकलाय. तिला गाडी येत नाही, म्हणजे ड्रायव्हर मीच. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नर्सिंग होमच्या दारात होतो.

इमारत साधी, दुमजली. लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, फिनाईलचा वास. कॉरिडॉरच्या अर्ध्या भागातल्या लाद्या नव्या होत्या, उरलेल्या जुन्या, पिवळट पडलेल्या. मधोमध सिस्टरांचं टेबल. त्यावर स्क्रीन. स्क्रीनवर प्रत्येक खोलीचा एक हिरवा चौकोन.

सहाचा होता. आठचा होता.

सातचा नव्हता.

टेबलाशी एक सिस्टर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. वहिनीने कंपनीचं नाव सांगितलं, तेव्हा त्या हसल्या. सात नंबर म्हटल्यावर हसू गेलं.

"त्या खोलीचं काय?"

वहिनीने लॅपटॉप उघडून ओळ दाखवली.

सिस्टरांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा काढून हातात धरला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. हे आपोआप येतंय."

"ऑपरेटरबाई असंच म्हणायच्या," सिस्टर म्हणाल्या. "कोणी आहे का..."

सात नंबरमध्ये एक आजी राहायच्या. सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणायचे, कारण त्यांची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. फोन जोडून देण्याचं काम. मोठ्या चिकाटीच्या. सिस्टरांना सांगायच्या, लाईन लागत नाही म्हणून सोडायची नसते, दुसरीकडून लावून बघायची, तिसरीकडून लावून बघायची. आणि पलीकडून हाक आली की आधी 'हो, बोला' म्हणायचं. मग बाकीचं. माणसाला कळलं पाहिजे की कुणीतरी ऐकतंय.

"कधी गेल्या त्या?" वहिनीने विचारलं.

"पाऊस संपल्यावर. या लाद्या बसवत होते तेव्हा." सिस्टरांनी खाली बघितलं. "मशीनने लाद्या कापत होते. कानठळ्या बसायच्या. धूळ नको म्हणून सगळ्या खोल्यांची दारं लावून घेतली होती. मी इथेच बसले होते. स्क्रीनसमोर. जेवणं झाल्यापासून चहा येईपर्यंत हलले नाही. स्क्रीन हिरवी होती हो... सगळी हिरवी."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

"चहा घेऊन गेले तेव्हा त्या अर्ध्या पलंगाबाहेर होत्या. बेलचं बटण मुठीत. एवढं दाबलं होतं, की अंगठ्यावर त्याचा गोल वळ उठला होता. नंतर तो गेलाच नाही. मग सगळे म्हणाले, तुमचा डोळा लागला असेल. मीही तेच म्हणते आता. लागला असेल. नाहीतर मला दिसलं कसं नाही?"

वहिनीने नक्की तारीख विचारून घेतली. लॅपटॉपवर तिची बोटं भराभर चालायला लागली. ती जुने बदल काढून बघत होती. कुणी, कधी, काय बदललं.

मग बोटं थांबली.

"सिस्टर," ती म्हणाली. तिचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशी सकाळी आमच्याकडून एक बदल झाला होता. नावं बदलणारा भागच त्यात गळला. संध्याकाळी कुणीतरी तो गुपचूप परत घातलाय. मधल्या वेळात बेल जशीच्या तशी, आतल्या नावाने बाहेर पडत होती. स्क्रीनला ते नाव माहीत नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे बेल वाजत होती. सारखी वाजत होती. पण तुम्हाला ती दिसणं शक्यच नव्हतं. तुमचा डोळा लागला नव्हता, सिस्टर."

सिस्टर रडल्या नाहीत. त्यांनी फक्त टेबलाची कड घट्ट धरली. बराच वेळ धरून ठेवली.

मग उठल्या आणि ड्रॉवरमधून किल्ली काढली.

सात नंबरची खोली उघडली तेव्हा आतून थंड हवा आली. बाहेर मला स्वेटर नको झाला होता. इथे मी बाह्या खाली ओढल्या.

पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली. खिडकी बंद. भिंतीवर मशीनच्या जागी चार भोकं आणि कापलेल्या तारांची टोकं. बेलचं बटण मात्र तसंच होतं. त्याची वायर गोल गुंडाळून पलंगाच्या दांड्याला अडकवलेली. वायरचं दुसरं टोक मोकळं लोंबत होतं. कशालाच जोडलेलं नव्हतं.

आम्ही तिघी आत उभ्या राहिलो.

मग...

टक्.

मी वहिनीकडे बघितलं. वहिनीने बटणाकडे.

टक्... टक्.

बॉलपेन दाबल्यासारखा आवाज. बटण हलताना मला दिसलं नाही, शपथेवर सांगते. पण आवाज तिथूनच येत होता. आणि प्रत्येक आवाजासरशी वहिनीच्या लॅपटॉपवर एक ओळ बदलत होती.

koniAaheKa

टक्.

Koni_Aahe_Ka

टक्.

koniaaheka

"वहिनी, चल इथून," मी तिचा दंड धरला. "वहिनी, मी हात जोडते. चल."

"त्या लाईन लावून बघतायत," वहिनी पुटपुटली.

"काय?"

"ढमे, त्यांना कळलंय की नाव चुकलं म्हणून हाक पोचली नाही. कोणतं नाव बरोबर, ते त्यांना माहीत नाही, आणि ही हाक घ्यायला इथे फील्डच नाही. म्हणून एकेक करून बघतायत. पाऊस संपल्यापासून."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा होता की कसला, मला आजही सांगता येणार नाही.

वहिनी गुंडाळलेल्या गादीवर टेकली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. सात नंबरच्या ऑब्जेक्टमध्ये तिने त्याच हाकेचं एक नवं फील्ड लिहिलं. बाहेर जायचं नाव नियमाप्रमाणे, सगळी अक्षरं लहान, मधे अंडरस्कोअर. त्याच्यापुढची रिकामी जागा तिने भरली.

'हो, बोला.'

हे सगळं तिच्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रामच्या कॉपीत चाललं होतं. टेबलावरच्या स्क्रीनशी त्याचा काही संबंध नव्हता. हे तिने मला नंतर दहादा सांगितलंय.

तिने प्रोग्राम चालू केला.

टक्...

आणि आवाज थांबला.

खोली एकदम रिकामी वाटली. मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं.

तेवढ्यात बाहेर टेबलावरची स्क्रीन वाजायला लागली.

टीं... टीं... टीं...

सिस्टर धावल्या. दारातून मला टेबल दिसत होतं. हिरव्या चौकोनांमध्ये, सहाच्या आणि आठच्या मधे, एक लाल चौकोन पेटला होता. सात.

जो मघाशी तिथे नव्हताच.

मला वाटलं होतं, त्या किंचाळतील. पण इतक्या वर्षांची सवय. त्या तशाच मागे फिरल्या, नव्या लाद्यांवरून चपला वाजवत धावत आल्या आणि दारातूनच ओरडल्या,

"आले, बाई! आले, आले!"

सरळ पलंगापाशी गेल्या. वाकल्या. एक हात असा पुढे केला, जसा कुणाला पाठीखाली आधार देताना करतात. दुसऱ्या हाताने दांड्यावरचं बटण सोडवून बाजूला ठेवलं.

"मी आहे हं," त्या हळूच म्हणाल्या. "आहे मी."

मी हे डोळ्यांनी बघितलंय. त्यांचा तो हात हवेत नव्हता. कशावर तरी टेकलेला होता. बोटं दबलेली दिसत होती.

बाहेरचा आवाज बंद झाला.

वहिनीने लॅपटॉपकडे बघितलं. सात नंबरखाली आता फक्त एक छोटं नाव उरलं होतं.

yete

येते.

मग तेही पुसलं गेलं. सात नंबरखाली काहीच राहिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. वहिनी आणि सिस्टर मिळून ऑपरेटरबाईंच्या मुलीला भेटल्या आणि खरं काय घडलं ते तिला सांगितलं. मुलगी आधी खूप चिडली. मग सिस्टरांच्या गळ्यात पडली. वहिनीने नोकरी सोडली. साहेबांनी एकदाही फोन केला नाही. नर्सिंग होमने ती स्क्रीन काढून टाकली. आता तिथे साध्या वायरच्या बेल आहेत. दाबली की कॉरिडॉरभर घणघणतात. सिस्टर म्हणतात, डोकं उठतं, पण झोप लागते.

वहिनीच्या मते सगळं नीट संपलं. "अगं, येते म्हणाल्या ना त्या. आपण निघताना जाते म्हणतो का कधी? निरोप घेतला त्यांनी. सुटल्या."

मी मान डोलावते.

पण 'येते'चा एक दुसराही अर्थ होतो. तो वहिनीला सुचत नाही, आणि मी सुचवत नाही.

कारण त्या दुपारी परत येताना वहिनी माझ्या शेजारी बसली होती. आम्ही दोघींनी पट्टे लावले होते. मागे कुणी नव्हतं. नर्सिंग होमच्या फाटकाबाहेर पडलो, आणि माझ्यासमोर डॅशबोर्डवर एक दिवा लुकलुकायला लागला.

मागच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावलेला नाही, हे सांगणारा दिवा.

आरशात बघितलं. मागची सीट रिकामी.

मी गाण्यांचा आवाज वाढवला. वहिनी डोळे मिटून बसली होती. दिवा सगळ्या वाटेवर लुकलुकत राहिला. चौकात, सिग्नलला, पुलावर. माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते. शिकवणारी मी, पण त्या दिवशी गाडी दोनदा बंद पाडली.

दुसऱ्याच दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने सीट उघडून सगळं तपासलं.

"ताई, काही बिघाड नाही. वजन असल्याशिवाय हा लागतच नाही."

तो दिवा माझ्या घरापर्यंत आला नाही. वहिनीच्या घरापाशी मी गाडी थांबवली, ती उतरली, दार लावलं, मला हात केला...

आणि दिवा विझला.

वहिनी छान आहे. नवी नोकरी लागलीये, तब्येत सुधारलीये. दादा अजून परगावीच असतो. परवा जेवताना मी तिला विचारलं, दिवसभर घरात एकटीला कंटाळा येत नाही का गं?

ती हसली.

"खरं सांगू, ढमे? हल्ली एकटं वाटतच नाही."